इंजिन जमा, ब्रेक नावे

आमच्या दारात एक ॲम्बॅसॅडर उभी असते. 'असते' हे क्रियापद मी हिशेबाने वापरलं आहे. ती धावते त्या दिवशी गल्लीत बातमी होते, आणि ती धावून परत येते त्या दिवशी शेजारणी आमच्या हिला विचारतात, "आज काय विशेष होतं हो?"

गाडी १९८४ सालची, मार्क फोर. माझे वडील गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये मुनीम होते. मिलच्या शेटजींनी नवी गाडी घेतली तेव्हा तीन वर्षांच्या थकलेल्या बोनसच्या बदल्यात ही जुनी बाबांच्या हवाली केली. बाबांनी 'एक नग मोटार, वापरलेली, चालू स्थितीत' अशी रीतसर पावती लिहून दिली आणि घरी येऊन आईला म्हणाले, "बोनस आला. बाहेर उभा आहे." गाडी कागदोपत्री जन्मली तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आमची गाडी जागची न हलता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेली. कमीत कमी पेट्रोलमध्ये तिने केलेला हा सर्वांत लांबचा प्रवास.

बाबा गेले. गाडी माझ्याकडे आली, आणि गाडीबरोबर सल्लागार आले.

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला सल्ला देण्यासाठी कसलीही पात्रता लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. पोस्टमन, दूधवाला, आमच्या ब्रँचचे मॅनेजर, मॅनेजरांचे सासरे या सर्वांचं एका बाबतीत एकमत आहे. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायची, बॉनेटवर थाप मारायची, 'ठण्ण' असा आवाज आला की मान डोलवायची आणि म्हणायचं, "बॉडी म्हणजे टँक आहे, साहेब. फक्त इंजिन नवं टाका. बास!"

वाचकहो, हा लेख त्या 'फक्त' आणि त्या 'बास' या दोन शब्दांविरुद्ध आहे.

गेल्या वर्षी हे दोन शब्द माझ्या भाच्याच्या तोंडून आले तेव्हा मात्र मला गप्प बसणं शक्य झालं नाही. भाच्याने पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला आहे आणि तो नागपुरात नोकरी करतो. त्याचं लग्न ठरलं होतं आणि वरात आजोबांच्या गाडीतून काढायची, असा त्याचा हट्ट होता. इथपर्यंत माझे डोळे पाणावले. पुढे तो म्हणाला, "पण मामा, हे इंजिन तं म्हातारं झालं नं. भंगारात नव्या गाडीचं इंजिन भेटते. मिस्त्री बसवून देते. काऊन टेन्शन घेता?" माझे डोळे कोरडे झाले.

मिस्त्री सोबतच आला होता. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "साहेब, जगा भरपूर आहे. बसून जाते."

आता, जागा भरपूर आहे हे खरं. ॲम्बॅसॅडरच्या बॉनेटखाली इंजिन सोडून उरलेल्या जागेत आमच्या ब्रँचचा रेकॉर्ड रूम मावला असता. पण जागा आहे म्हणून बसवायचं, हा न्याय मी फक्त पंगतीत ऐकला होता.

मी कॉमर्सचा पदवीधर. वीस वर्षं बँकेत क्लार्क. मला यंत्रातलं फार कळत नाही. मला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे दुहेरी नोंद. जमेला काही आलं की नावे काहीतरी पडतं. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर संध्याकाळी कुणी घरी जात नाही. या इंजिन बदलणाऱ्या मंडळींशी माझं भांडण एवढंच आहे, की हे लोक फक्त जमेची बाजू लिहितात. नव्या इंजिनाची ताकद जमा, वेग जमा, ॲव्हरेज जमा, शेजाऱ्यांचा हेवा जमा. नावे कोरं!

मग मी भाच्याला बसवलं, वही घेतली आणि मधोमध रेघ मारली.

पहिली नोंद. आपली गाडी मागच्या चाकांवर चालते. इंजिन पुढे, त्याला जोडून गिअरबॉक्स, तिथून गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा लांबलचक शाफ्ट, त्याच्या टोकाला डिफरन्शियल, आणि मग चाकं. ही सगळी वरात एका सरळ रेषेत असते, म्हणून इंजिनही लांबीच्या दिशेने उभं बसवलेलं असतं. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचं इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्याच बगलेत. ते इंजिन आपल्या गाडीत घालायचं तर त्याला उभं करावं लागतं. मग त्याचा गिअरबॉक्स निरुपयोगी. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा गिअरबॉक्स आणा. तो या इंजिनाला जुळत नाही, म्हणून मध्ये खराद्याकडून प्लेट कापून घ्या. गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून शाफ्ट कापा किंवा वाढवा, आणि मग त्याचा तोल साधा, नाहीतर गाडी भजनात आल्यासारखी डोलते. नवं पेट्रोल इंजिन असेल तर त्याला कार्बोरेटर चालत नाही. त्याला टाकीत दाबाचा पंप लागतो, ठिकठिकाणी सेन्सर लागतात, आणि ते सेन्सर ज्याला सांगतात तो कॉम्प्युटर लागतो. आपल्या गाडीत आजवरचा सर्वांत आधुनिक विजेचा पदार्थ म्हणजे हॉर्न.

"होऊन जाते, मामा," भाचा म्हणाला.

होतं. नाही होत असं मी म्हणत नाही. पण मग ते 'फक्त इंजिन' राहत नाही.

दुसरी नोंद, पैशाची. भाच्याचा अंदाज होता, इंजिन, गिअरबॉक्स आणि मजुरी मिळून दीड लाख. मी विचारलं, कशासाठी? "ॲव्हरेज!" ठीक. आपली गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटर चालते, त्यात तीन लग्नं आणि एक तेरावं धरलं आहे. लिटरला दहा किलोमीटर प्रमाणे दीडशे लिटर. नवं इंजिन पंधराचं ॲव्हरेज देतं असं धरू, म्हणजे शंभर लिटर. वाचले पन्नास लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाला पाच हजार. दीड लाख भरून निघायला तीस वर्षं. तेव्हा गाडी सत्तरी ओलांडलेली असेल आणि मीही. उलट तेच दीड लाख सहा टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले तर वर्षाचं व्याज नऊ हजार. म्हणजे वाचलेल्या पेट्रोलपेक्षा न बसवलेलं इंजिन जास्त मिळवून देतं. हे गणित मी भाच्याला दोनदा करून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही प्रत्येक गोष्टीत बँक आणता." मी आणत नाही. ती येते.

तिसऱ्या नोंदीला भाच्याने प्रतिहल्ला केला, आणि तो बिनतोड होता. तो म्हणाला, "कंपनीने स्वतः इंजिन बदललं, तेव्हा चाललं?"

गोष्ट खरी आहे. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये काँटेसा काढली तेव्हा त्या ऐसपैस देहात ॲम्बॅसॅडरचंच १४८९ सी.सी.चं इंजिन बसवलं होतं. पन्नासेक हॉर्सपॉवर. पैलवानाच्या अंगात कारकुनाचं हृदय. पुढे काँटेसात जपानच्या इसुझूचं १८१७ सी.सी.चं इंजिन आलं, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेच इंजिन ॲम्बॅसॅडरमध्येही आलं, पंचाहत्तरच्या आसपास हॉर्सपॉवरचं. प्रीमियरनेही फियाट १२४ च्या अंगात निसानचं इंजिन घालून ११८ एनई काढली होती. जुनी देहयष्टी, नवं काळीज आणि मागची चाकं, असा हा अस्सल देशी संसार आहे. मग आपणच का नाही?

याचं उत्तर असं, की कंपनीने इसुझूचं इंजिन दिलं तेव्हा त्याच्याबरोबर पाच गिअरचा गिअरबॉक्सही दिला आणि स्टिअरिंगजवळचा गिअर खाली फरशीवर आणला. गाडी चाचणीतून गेली, तिचा तपशील सरकारदरबारी मंजूर झाला आणि आर.सी. बुकावर तोच छापला गेला. कंपनीने वहीची दोन्ही पानं लिहिली. मिस्त्री 'बसून जाते' म्हणतो तेव्हा एकच पान लिहितो, आणि दुसरं पान रस्त्यावर आपण लिहितो.

आम्हा गोंदियाकरांना खरं म्हणजे हे कुणी शिकवायला नको. आमच्या जंक्शनवरून जबलपूरकडे अडीच फुटांच्या रुळांवरून छोटी लाइन जायची. आधी वाफेचं इंजिन होतं, मग डिझेलचं आलं. पण तेही त्या अडीच फुटांच्या मापानेच घडवलेलं होतं. पुढे मोठ्या गाड्या हव्या झाल्या, तेव्हा रेल्वेने मोठं इंजिन आणून छोट्या रुळांवर ठेवून 'बसून जाते' असं म्हटलं नाही. साडेपाच फुटांचे रूळ टाकले, पूल नवे केले, वर्षानुवर्षं लाइन बंद ठेवली. लोकांनी कुरकूर केली, पण इंजिन आणि रूळ एका मापाचे झाले.

आता चौथी नोंद. ही मी भाच्याला सांगणार नव्हतो, पण सांगावी लागली.

आमच्या शेजारी एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. त्यांचीही ॲम्बॅसॅडर होती. २०१६ साली त्यांनी तिच्यात भंगारातलं डिझेल इंजिन बसवून घेतलं, त्याच्याच गिअरबॉक्ससकट. गाडी अशी काही पळू लागली की ओव्हरसियरसाहेब स्वतःच्याच आदराने बोलू लागले. त्या पावसाळ्यात ते आणि काकू देवरीला एका नातेवाइकांकडे निघाले आणि मीही मागच्या सीटवर बसलो. कोहमारा सोडून देवरीच्या वाटेला लागलो, दोन्ही बाजूंना जंगल, आणि साहेबांनी काटा नव्वदवर नेला. बाबांनी आमच्या गाडीचा काटा कधी पन्नासच्या पुढे जाऊ दिला नव्हता. मला वाटलं, हाच तो फरक, हीच ती प्रगती.

उताराला पुढे एक ट्रक होता. साहेबांनी ब्रेक दाबला. लागला. पुन्हा दाबला, थोडा लागला. तिसऱ्यांदा पाय थेट फरशीला टेकला.

आमच्या या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते जुन्या इंजिनाच्या वजनाला आणि जुन्या वेगाला बेतलेले. वेग दीडपट झाला, साठाचे नव्वद झाले, की गाडी थांबवायला लागणारी शक्ती दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. हा व्याजाचा दर कुठल्याही सावकारापेक्षा वाईट आहे. त्यात नाकावर डिझेल इंजिनचं जादा वजन, आणि उतार. ड्रम तापले आणि ब्रेकने राजीनामा दिला.

साहेबांनी गाडी डावीकडे उतरवली. जंगल संपून तिथे शेत लागलं होतं. रोवणी नुकतीच आटोपलेली, बांधीत गुडघाभर चिखल. धुरा ओलांडून गाडी चिखलात रुतली आणि थांबली. त्या दिवशी आम्हाला मिस्त्रीने नाही, पावसाने वाचवलं. काकूंचा उजवा हात मात्र मनगटात मोडला. तो जुळला, पण वाकडा. आजही त्या पोळी लाटतात तेव्हा लाटण्यावर डाव्या हाताचा जोर असतो आणि उजवा नुसता सोबतीला असतो. मी त्यांच्याकडे जेवायला बसलो की ताटाकडे बघतो, हाताकडे बघत नाही.

शेताचा मालक धावत आला. त्याने आधी काकूंना बाहेर काढलं, पाणी दिलं, मग चिखलात पसरलेल्या पऱ्ह्यांकडे पाहिलं आणि फक्त एवढं म्हणाला, "बापा, एवढी घाई होती का?" या प्रश्नाला आम्हा दोघा सुशिक्षितांकडे उत्तर नव्हतं.

विम्याचं काय झालं ते सांगतो, कारण ते माझं क्षेत्र आहे. विमा नाकारला गेला. आर.सी. बुकात एक इंजिन नंबर, गाडीत दुसरा. इंधन पेट्रोल लिहिलेलं, टाकीत डिझेल. कागदावर जी गाडी होती ती धडकली नव्हती, आणि जी धडकली होती ती कागदावर नव्हती. साहेब रागावले. पण मी काउंटरच्या या बाजूला बसणारा माणूस. वाहनकर्जाच्या फाइलमध्ये आम्ही पहिल्यांदा काय बघतो? इंजिन नंबर आणि चेसिस नंबर. माणसाला जसं नाव आणि आडनाव. त्यातलं एक बदलून टाकलं आणि कुणाला सांगितलंच नाही, तर उद्या तो माणूस तोच आहे हे सिद्ध कुणी करायचं? शिवाय भंगारातलं इंजिन कुणाचं, कुठल्या गाडीचं, ती गाडी मोडली की चोरीला गेली, हे इंजिन स्वतः सांगत नाही.

कायदाही याहून वेगळं बोलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचं ५२ वं कलम सांगतं, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आर.सी. बुक जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकासाठी शिक्षा आली, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द लक्षात घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, टाकी, असं एकेक मोजत गेलं तर दंडाची पावती वाण्याच्या यादीसारखी होईल. गॅसवर किंवा विजेवर चालवायचा मंजूर संच बसवण्याची वाट कायद्याने ठेवली आहे. पण तो संच पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत तपासलेला असतो. म्हणजे तिथेही कुणीतरी दुसरं पान लिहिलेलं असतं.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मंग काय, मामा, गाडी अशीच उभी ठेवायची?"

हा प्रश्न योग्य होता, आणि इथे माझ्या विरोधकांना मी त्यांचं देणं देतो. नुसतं 'करू नका' म्हणणारी जात मला इंजिन बदलणाऱ्यांपेक्षाही नकोशी आहे. बाबांची आठवण म्हणून गाडीला हार घालून गंजत ठेवायची, वर्षातून एकदा धूळ पुसायची आणि 'काय लोखंड होतं हो!' म्हणायचं, हा आठवणीचा अपमान आहे. २०१४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ॲम्बॅसॅडर निघायची बंद झाली. म्हणजे आता जी आहे ती नीट चालवणं हाच तिचा मान. गाडीने चाललं पाहिजे. आणि जो चालतो त्याला थांबताही आलं पाहिजे.

म्हणून माझा ठराव असा. ज्याला नवं इंजिन हवं त्याने नवी गाडी घ्यावी. तिचे ब्रेक त्या इंजिनाबरोबरच जन्मलेले असतात. ज्याला जुनी गाडी हवी त्याने तिचं जुनं इंजिन उघडावं, सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावेत, रिंगा बदलाव्यात, कार्बोरेटर धुवावा. इंजिन फुटलंच असेल तर त्याच जातीचं इंजिन शोधावं, आर.टी.ओ.ची परवानगी घ्यावी आणि नवा नंबर आर.सी. बुकात चढवून घ्यावा. आणि यातलं काहीही करण्याआधी ब्रेक करावेत. आधी ब्रेक, मग इंजिन. हा क्रम उलटा करणाऱ्याला मी माझ्या वहीत कच्चा कारकून म्हणतो, मग तो कितीही मोठा मिस्त्री असो.

आमच्या मिस्त्रीला हे सांगितलं तेव्हा तो जरा हिरमुसला. ब्रेकच्या कामात नाव होत नाही. नव्या इंजिनाचा आवाज ऐकायला गल्ली जमते. नव्या लायनिंगचा आवाजच येत नाही. पण माणूस कसबी. त्याने चारही ड्रम उघडले, आत पाहिलं आणि मला हाक मारली. "साहेब, हे पाहा. मागच्या उजव्या चाकाचं सिलिंडर गळून रायलं. लायनिंगवर तेल. तुम्ही ब्रेक तीन चाकांवर मारत होते."

म्हणजे मी, दुहेरी नोंदीचा पुजारी, किती दिवस तीन चाकांच्या भरवशावर हिला आणि मुलांना बसवून फिरत होतो देव जाणे. माझ्याच वहीत चूक निघाली. भाचा हसला नाही, हे त्याचे उपकार.

इंजिन बोअर झालं. दीड लाखाच्या जागी खर्च त्याच्या तिसऱ्या हिश्शात भागला. उरलेल्या पैशाची मुदत ठेव भाच्याच्या नावाने आमच्याच ब्रँचमध्ये झाली, आणि मॅनेजरांनी गाडीभोवती घातलेल्या प्रदक्षिणेचं अखेर चीज झालं.

वरात निघाली. पुढे बँड, बँडपुढे नाचणारी मंडळी, आणि मागे पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, बाबांची ॲम्बॅसॅडर. गाडी मी चालवत होतो. दर दहा पावलांवर कुणीतरी भाच्याचा मित्र बॉनेटसमोर बसकण मारून नाचू लागायचा, आणि मी ब्रेक दाबायचो. दोन तासांच्या त्या वरातीत मी ब्रेक किती वेळा दाबला ते मोजलं नाही. दर वेळी तो लागला.